दावतीत अम्मींनीही बसावे : उन्हाळ्यासाठी थंड नूडल्स



मे महिना म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांचा महिना. शाळेला सुट्टी लागते, निकालाचे कागद एकदाचे कपाटात जातात आणि मुंबई-पुण्याच्या नणंदा मुलाबाळांसह सोलापूरला येतात. वर्षातून एकदा घर भरते. कुणाचा मुलगा पास झालेला असतो, कुणाचे लग्न ठरलेले असते, कुणी उमरा करून आलेले असते. निमित्त काहीही असो, एका रविवारी मोठी दावत ठरलेलीच. पंचवीस-तीस माणसे, दोन दस्तरखान आणि बिर्याणीचा डेग.

दोन वर्षांपूर्वीही अशीच दावत होती. बाहेर पारा बेचाळीसच्या घरात आणि आमचे स्वयंपाकघर पत्र्याचे. अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, तेव्हा ६८ वर्षांच्या होत्या. डेगाला दम देण्याचे काम त्या आजवर कुणाच्या हाती देत नाहीत. पुरुषांचा दस्तरखान उठला, बायकांचा बसला. कुणीतरी रायता मागितला म्हणून आम्ही आत गेलो, तर अम्मी ओट्याला पाठ टेकून जमिनीवर बसलेल्या. डोळे मिटलेले, ओढणी घामाने भिजलेली. हाक मारली तर ओ दिली, पण आवाज खोल गेलेला. त्यांना धरून बाहेरच्या खोलीत पंख्याखाली आणले, ओले फडके मानेला लावले, मीठ-साखरेचे पाणी घोट घोट पाजले. अर्ध्या तासाने त्या सावरल्या, अल्हम्दुलिल्लाह. सावरल्यावर पहिले वाक्य काय बोलल्या असतील? "मेहमानां को नक्को बोलो."

त्या रात्री झोप लागली नाही. आम्ही आठवू लागलो. या घरात येऊन आम्हाला अठरा वर्षे झाली. एवढ्या वर्षांत अम्मींना दावतीच्या दस्तरखानावर पाहुण्यांच्या सोबत बसून जेवताना पाहिल्याचे आम्हाला आठवेना. त्या सगळ्यांनंतर जेवतात, डेगाच्या तळाचे. आणि आणखी वीस वर्षांनी त्याच जागी आम्ही बसलेले असू, हेही दिसू लागले. मेहमाननवाझी हे आपले भूषण आहे, त्यात शंका नाही. पण मेहमान ज्या बाईच्या हातचे जेवून दुवा देतात, ती त्यांच्यासोबत दोन घास खाऊ शकत नसेल, तर आपल्या बेतातच काही चुकते आहे.

मागच्या वर्षी म्हणून ठरवले, उन्हाळ्याच्या दावतीत ऐन वेळी चूल पेटवायची नाही. मग काय करायचे? आमची धाकटी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि दिवसभर कोरियन मालिका पाहत होती. ती म्हणाली, "अम्मी, ते लोक उन्हाळ्यात थंड नूडल्स खातात. बर्फ घालून!"

घरात हसू झाले. मोठ्या अम्मींनी मात्र गंभीरपणे विचारले, "मेहमानां को थंडा खाना देते क्या, बेटा?" त्यांचा प्रश्न खरा होता. आपल्याकडे गरम वाढणे म्हणजे इज्जत करणे. धाकटीनेच उत्तर दिले, "मग दादी, फालुदा काय गरम असतो?"

तिला ठाऊक नव्हते, पण ती अगदी नेमके बोलली होती. फालुद्यातली शेव म्हणजे थंड खायचे नूडल्सच. इराणच्या शिराझ शहरात आजही स्टार्चच्या बारीक तारा अर्धवट गोठलेल्या पाकात घालून, गुलाबपाणी आणि लिंबू पिळून खातात. त्यालाच ते फालूदे म्हणतात. आणि उर्दू शिकवणाऱ्या माणसाला एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. फारसीत नूडल्सना 'रिश्ता' म्हणतात. रिश्ता म्हणजे धागा, तार. तोच शब्द उर्दूत आला आणि नात्याला लागला. आपल्या घरात नूडल्स परके आहेत असे कुणी म्हणाले, तर त्याला ईदच्या शीरखुर्म्याची वाटी दाखवावी.

या पदार्थाचे वय मोठे आहे. चीनच्या छिंगहाय प्रांतात लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात एक पालथे पडलेले मातीचे भांडे सापडले. त्याखाली सुमारे ४००० वर्षांपूर्वीचे नूडल्स होते. ही बातमी २००५ साली 'नेचर' या नियतकालिकात आली. सिसिलीत ११५४ साली आपला भूगोलग्रंथ पूर्ण करणाऱ्या अल-इद्रीसीने तिथल्या एका गावात 'इत्रिया' नावाच्या सुक्या शेवया बनतात आणि जहाजांनी मुसलमान व ख्रिस्ती मुलखांत जातात, असे नोंदवले आहे. चीनमधले लानचौ शहर तर हुई मुसलमानांच्या हाताने ओढलेल्या नूडल्ससाठीच प्रसिद्ध आहे.

थंड नूडल्सच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. कोरियात बर्फाळ रश्शात देतात. जपानात शिजवलेले नूडल्स थंड पाण्यात हाताने चोळून धुतात. चीनच्या सिचुआन प्रांतात त्यांना 'ल्यांगम्येन' म्हणतात. ल्यांग म्हणजे थंड, म्येन म्हणजे नूडल्स. तिथे ते तेल लावून पसरतात, पंख्याने वारा घालून गार करतात आणि तीळ, लसूण, सिरका व तिखट तेलाची चटणी घालून, वर कोंबडीचे धागे आणि काकडी पसरून खातात. आम्ही हीच सिचुआनची पद्धत निवडली. कारण सोपे आहे. तीळ, शेंगदाणे, लसूण आणि लाल तिखट यांच्याशी सोलापूरकरांची ओळख करून द्यावी लागत नाही.

साहित्य (दहा माणसांसाठी, इतर एक-दोन पदार्थ सोबत असतील असे धरून)

सुके गव्हाचे किंवा मैद्याचे नूडल्स ५०० ग्रॅम. बिनहाडाची कोंबडी ६०० ग्रॅम. काकड्या ४, गाजरे ३, पाव कोबी, पातीच्या कांद्याची एक जुडी, एक मध्यम कैरी, एक वाटी मोड आलेले मूग, कोथिंबीर.

चटणीसाठी : पांढरे तीळ ६ मोठे चमचे, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट अर्धी वाटी, सोया सॉस ६ मोठे चमचे, सिरका ४ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, लसणाच्या ६ पाकळ्या, इंचभर आले, तिळाचे तेल ३ मोठे चमचे, कोमट पाणी अर्धी वाटी.

तिखट तेलासाठी : गोडे तेल ४ मोठे चमचे, काश्मिरी मिरचीपूड १ मोठा चमचा, थोडे तीळ, असल्यास तिरफळ.

कृती

कोंबडी आदल्या रात्री करून ठेवावी. आल्याचा तुकडा आणि मीठ घालून मंद आचेवर शिजवा. आत गुलाबी रंग राहता कामा नये, वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. निवली की हाताने धागे काढा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा. उरलेली यखनी फेकू नका, तीही फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी तिच्यात खिचडी छान होते.

तिखट तेलही रात्रीच. तेल तापवा, आच बंद करा, एक मिनिट थांबा आणि मग ते मिरचीपूड व तिळांवर ओता. न थांबता ओतले तर पूड जळून कडू होते. सिचुआनमध्ये यात जिभेला झिणझिण्या आणणारी एक मिरी घालतात. आपल्या कोकणातले तिरफळ तिचेच भावंड आहे. रत्नागिरीकडच्या वाचकांच्या घरात ते माशाच्या कालवणासाठी असतेच. चार-पाच तिरफळांच्या काळ्या बिया काढून टाका, टरफले किंचित भाजून कुटा आणि चिमूटभर घाला.

आता चटणी. परदेशी पाककृतींत गडद रंगाचे, भाजलेल्या तिळांचे तेल लागते. ते महाग असते आणि सगळीकडे मिळतही नाही. आपले घाण्याचे तेल कच्च्या तिळांचे, त्याला तो खमंग वास नसतो. उपाय घरातच आहे. तीळ मंद आचेवर सोनेरी भाजा, गार करा आणि आपल्याच तिळाच्या तेलाबरोबर मिक्सरमधून बारीक वाटा. वास आपोआप येतो. यात कूट, वाटलेले आले-लसूण, सोया सॉस, सिरका आणि साखर घाला, कोमट पाण्याने ताकापेक्षा जरा घट्ट करा. मीठ घालू नका, सोया सॉस खारट असतो. ही चटणीही रात्री फ्रिजमध्ये जाऊ शकते. सकाळी घट्ट झाली तर दोन चमचे कोमट पाणी घाला.

नूडल्सच्या बाबतीत आम्ही पहिल्यांदा सपशेल चुकलो. हक्का नूडल्स करताना ते जरा कच्चेच काढायचे असतात, कारण पुढे कढईत परतायचे असतात. आम्ही त्याच सवयीने काढले आणि फ्रिजमध्ये ठेवले. संध्याकाळी पाहिले तर रबराच्या दोऱ्या! शिजलेला स्टार्च गार झाला की पुन्हा आवळतो. रात्रीचा भात सकाळी टणक लागतो तो याचमुळे. म्हणून थंड खायचे नूडल्स पूर्ण शिजवावेत. एक तार तोडून पाहा, मध्ये पांढरा कच्चा ठिपका दिसता कामा नये. पाणी भरपूर घ्या, अर्ध्या किलोला पाच लिटर तरी. दोन मिनिटांत होणारे झटपट नूडल्स यासाठी घेऊ नका, त्यांचा लगदा होतो.

शिजले की चाळणीत ओता आणि लगेच थंड पाण्याखाली हाताने चोळून धुवा. पांढरे पाणी जाईपर्यंत धुवायचे, म्हणजे ते एकमेकांना चिकटत नाहीत. शेवटचे पाणी बर्फाचे आणि पिण्याचे असावे. मग दहा मिनिटे नीट निथळू द्या. पाणी राहिले तर चटणी पातळ होऊन खाली बसते. चमचाभर तेल लावून, मोठ्या परातीत पसरून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा.

काकडीचा गर काढून लांब पातळ कापा, मीठ लावून पंधरा मिनिटांनी पिळून घ्या. गाजर, कोबी, कैरी बारीक लांब कापा. कैरी आमची भर असली तरी मनची नाही. थायलंड-व्हिएतनामकडे सॅलडमध्ये कच्चा आंबा घालतातच. मोड आलेले मूग कच्चे घालू नका. उन्हाळ्यात मोडांमध्ये जंतू फार लवकर वाढतात, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे शिजवून घ्या. सगळे एकत्र करायचे ते वाढण्याच्या आधी पाच मिनिटे. तिखट तेल वेगळ्या वाटीत ठेवा, म्हणजे लहान मुले आणि वडीलधारी बिनतिखट खाऊ शकतात. शेंगदाणे किंवा तीळ कुणाला बाधत नाहीत ना, हे पाहुण्यांना आधीच विचारा.

बाटलीवरचा मजकूर वाचा

या भागातल्या पाककृती पाहताना आपल्याला सावध राहावे लागते. 'मिरिन', 'साके', 'शाओशिंग' ही नावे दिसली की ती तांदळाची दारू आहे, हे लक्षात ठेवा. ती वगळून थोडा सिरका आणि साखर वाढवली की काम होते. सोया सॉस आंबवून करतात. काही बाटल्यांत टिकण्यासाठी वेगळा मद्यार्कही घातलेला असतो, तो घटकांच्या यादीत लिहिलेला असतो. हिरवी खूण पाहून निर्धास्त होऊ नका. ती पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगते, मद्यार्काबद्दल काही सांगत नाही. हलाल प्रमाणपत्र असलेली बाटली घ्यावी आणि मनात शंका राहिली तर आपल्या आलिमांना विचारावे.

ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस. कोकणातल्या शाफई घरांत कालवे आवडीने खातात, हनफी घरांत ती चालत नाहीत. दावतीत दोन्हीकडचे नातलग असतात. तेव्हा हा सॉस घरात न आणलेलाच बरा, चवीत काही अडत नाही.

थंड म्हणजे खरोखर थंड

गरम बिर्याणीची राखण आच करते. थंड पदार्थाची राखण आपल्यालाच करावी लागते. भात-नूडल्समध्ये 'बॅसिलस सेरेअस' नावाचा एक जंतू असू शकतो. त्याची बीजे उकळीतही मरत नाहीत. शिजलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिले की तो वाढतो आणि असे विष सोडतो की पुन्हा गरम करूनही ते जात नाही. म्हणून नूडल्स झटपट गार करायचे आणि फ्रिजमधून काढल्यावर दोन तासांच्या आत संपवायचे. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. आपल्या मे महिन्यात म्हणजे एकच तास धरा.

मग उरलेले फेकायचे का? अन्न वाया घालवणे आपल्याला शोभत नाही, इसराफ मनाच आहे. म्हणून सगळे एकदम बाहेर काढायचेच नाही. निम्मे कालवून दस्तरखानावर, निम्मे न कालवता फ्रिजमध्ये. लागतील तसे काढा. वाढायचे भांडे बर्फाने भरलेल्या परातीत ठेवा. लाईट जाण्याची सवय असलेल्या गावांत दुपारी फ्रिज उघडू नका आणि बर्फाची एखादी लादी सांगून ठेवा.

त्या दिवशी काय झाले

मागच्या मे महिन्यात आम्ही फजरनंतर, हवा थंड असताना, नूडल्स उकळले. आठच्या आत शेगडी बंद झाली. भाज्या चिरायला नणंदा आणि मुली बसल्या. मुलांच्या अब्बांनी अंगणात सिगडीवर कबाब भाजण्याचे काम पत्करले. भाच्यांनी निखारे फुलवले. अस्रनंतर कबाब लागले, मगरिबनंतर दस्तरखान पसरला. आत पत्र्याखाली कुणीच नव्हते.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. फुफाजींनी दोन घास खाल्ले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "बिर्याणी कब आती?" ती येणार नाही हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. कबाबांवर त्यांनी वेळ निभावली. यंदा त्यांच्यासाठी सकाळीच छोट्या पातेल्यात पुलाव करून ठेवायचा विचार आहे. मुलांनी मात्र दोन-दोनदा घेतले आणि कैरी वेचून वेचून खाल्ली.

अम्मी आधी बसायलाच तयार नव्हत्या. "मैं बाद में," हे त्यांचे नेहमीचे. "बाद में क्या करना है, अम्मी? सब तो हो गया," असे म्हणून मोठ्या नणंदेने हात धरून त्यांना शेजारी बसवले. बिस्मिल्लाह म्हणून त्यांनी पहिला घास घेतला, चावला आणि म्हणाल्या, "लसूण थोडा ज्यादा होना था." मग नणंदेच्या ताटातला कबाब उचलला, तिच्या मुलाच्या नोकरीबद्दल विचारू लागल्या. मुलगी सासरी गेल्याला वीस वर्षे झाली. दावतीच्या दिवशी तिच्याशी बसून बोलायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.

वाचक भगिनींनो, आणि बंधूंनोही, बिर्याणी सोडा असे आमचे म्हणणे नाही. हिवाळा तिचाच आहे. पण या सुट्टीत दावतीचा बेत आखाल तेव्हा आधी एक हिशेब करा. जेवायला किती माणसे बसणार, हे आपण मोजतोच. त्यांत घरात रांधणारी माणसे धरली आहेत का, हेही मोजा. ती धरली नसतील तर पदार्थ बदला, वेळ बदला किंवा कामे वाटून घ्या. आणि रांधता रांधता कुणाला उन्हाचा त्रास झालाच तर लपवू नका. माणूस गोंधळून बोलू लागला, अंग तापले किंवा शुद्ध हरपली, तर तोंडात पाणी न घालता अंग गार करीत थेट दवाखाना गाठा. मेहमान समजून घेतात.

यंदा आमची दावत महिन्याच्या तिसऱ्या रविवारी आहे, इन्शाअल्लाह. लसूण आठ पाकळ्या घालणार आहोत.